बाणावरचे जस्त

बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. ती नवसागरासह पाण्यात कालवायची आणि किंचित तापवलेल्या बिदरी भांड्यावर चोळायची. भांडे काळेभोर होते आणि त्यावर ठोकून बसवलेली चांदीची तार पांढरीशुभ्र राहते. काळे पडते ते जस्त, पण त्यात थोडे तांबे मिसळलेले असावे लागते. निव्वळ जस्ताला हा रंग चढत नाही. 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कलेचे कौतुक करताना लोक नक्षीबद्दल भरभरून बोलतात. माझे लक्ष मात्र नवसागराकडे जाते.

नवसागरातून अमोनिया सुटतो. त्यातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती जोडी धातूला दिली की संकुल संयुग बनते, आणि जस्त व तांबे दोघेही ती घ्यायला तयार असतात. नायट्राइल नावाच्या सेंद्रिय संयुगांच्या टोकालाही असाच नायट्रोजन असतो. फरक इतकाच, की तिथे तो कार्बनला तिहेरी बंधाने जखडलेला असतो. या दुसऱ्या नायट्रोजनला जस्ताने हात लावला की काय होते, ते सांगणारी एक अभिक्रिया रसग्रहण करावे इतकी सुंदर आहे.

2001 साली डेम्को आणि शार्पलेस यांनी नायट्राइल, सोडियम अझाइड आणि जस्ताचा क्षार पाण्यात एकत्र तापवून टेट्राझोल तयार केले. टेट्राझोल म्हणजे एक कार्बन आणि चार नायट्रोजन यांचे पंचकोनी कडे. रक्तदाबाच्या लोसार्टन गोळीत हेच कडे असते. एरवी त्यासाठी कथिलाची विषारी संयुगे तरी लागत, नाहीतर तीव्र आम्ल. आणि आम्लात अझाइड पडले की हायड्रॅझोइक आम्ल हे विषारी, स्फोटक द्रव्य तयार होते. जस्तामुळे ते काम साध्या पाण्यात होऊ लागले. पण समीकरणात जस्ताची जागा कुठे? बाणाच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत. शेवटी आम्ल घालून ते धुऊनही टाकायचे.

नानजिंगच्या शिओंग रेन-गेन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ते धुतले नाही. जवळपास तीच सामग्री त्यांनी बंद भांड्यात तापवली आणि जस्तासकट स्फटिक मिळवले. अशा कामात पोलादी भांड्याला आतून टेफ्लॉनचे अस्तर असते, झाकण घट्ट आवळलेले असते आणि भट्टीचे तापमान बहुधा शंभर ते दोनशे अंशांच्या दरम्यान ठेवतात. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळते, अ‍ॅसिटोनायट्राइल तर 82 लाच. कोंडलेल्या भांड्यात स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली ते त्याहून वरच्या तापमानालाही द्रव राहतात, आणि एरवी विरघळायला नाखूश असलेले पदार्थ त्यांत विरघळतात.

या पद्धतीतली खरी खुबी सावकाशीत आहे. टेट्राझोल आधी बनवून जस्ताच्या द्रावणात ओतले, तर बहुतेक वेळा क्षणात भुकटी खाली बसते, आणि भुकटीतून एकेका अणूची जागा सहजी वाचता येत नाही. इथे कडे भांड्यातच, थोडेथोडे घडते. जेवढे घडेल तेवढेच जस्ताला मिळते. म्हणून स्फटिकाला वाढायला अवधी मिळतो. एवढी साधी युक्ती, पण मला ती या अख्ख्या कामाचा प्राण वाटते.

मग स्फटिक क्ष-किरणांसमोर ठेवायचा आणि त्याचे आकडे वाचायचे. नायट्राइलमधला कार्बन-नायट्रोजन बंध सुमारे 1.15 अँगस्ट्रॉम लांबीचा असतो, टेट्राझोलच्या कड्यातला 1.33 च्या आसपास. भांड्यात जे घातले होते ते आता उरलेले नाही, हे या दोन आकड्यांतून कळते. अवरक्त वर्णपटातली 2,200 प्रति सेंटिमीटरच्या थोडी वर दिसणारी नायट्राइलची रेषाही गेलेली असते. आणि कड्याच्या नायट्रोजनला धरून, रचनेच्या मधोमध, जस्त उभे असते.

एक उणीव सांगायलाच हवी. स्फटिक मुक्काम दाखवतो, वाट दाखवत नाही. जस्त आधी नायट्राइलला धरते की अझाइडला, हे त्या चित्रातून ठरत नाही. 2003 साली हिमो, नूडलमन आणि त्याच डेम्को-शार्पलेस यांनी संगणकावर हिशेब मांडला. जस्त नायट्राइलच्या नायट्रोजनला धरते, त्यामुळे शेजारच्या कार्बनवरचे इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि अझाइडचा हल्ला सोपा होतो, असे त्यातून दिसले. मला तो हिशेब पटतो. मात्र जस्ताला मुख्य ओळीत आणून बसवण्याचे श्रेय मी स्फटिकालाच देईन.

बिदर-कलबुर्गीच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. ही अभिक्रिया फळ्यावर लिहाल तेव्हा जस्त बाणावर ठेवून पुढे जाऊ नका. आधी नायट्राइलच्या नायट्रोजनशेजारी ते काढून दाखवा, आणि मगच अझाइड लिहा.