पाककृतीत न मावणारे स्वयंपाकघर : ‘रुचिरा’, स्त्रियांची आत्मकथने आणि यवतमाळ जिल्ह्याची चूल

प्रस्तावना

मराठी वाङ्मयसमीक्षेत ‘स्वयंपाकघर’ हा शब्द दीर्घकाळ मर्यादेचा वाचक म्हणून वापरला गेला. स्त्रियांचे लेखन चुलीपाशीच घुटमळते, त्यात पीठ संपल्याची, भाजी करपल्याची, पाहुणे अवेळी आल्याची तक्रार तेवढी असते, असा हा आक्षेप होता. स्त्रीवादी समीक्षेने त्यास समर्थ उत्तर दिले. परंतु तिचा भर स्वाभाविकपणे विवाहसंस्था, संपत्तीचा अधिकार आणि हिंसा या प्रश्नांवर राहिला. रोजच्या जेवणासंबंधीची कुरकुर त्या तुलनेत किरकोळ वाटल्याने बाजूला पडली.

प्रस्तुत लेखात ही कुरकुर पुरावा म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी पाककृतींचे पुस्तक आणि स्त्रियांची आत्मकथने असे दोन प्रकारचे लेखन समोरासमोर ठेवले असून, हे वाचन यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबाच्या घरात उभे राहून केले आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : पाककृती मापाची हमी देते, पण पाणी, सरपण, धान्य आणि वेळ या चार गोष्टी ती गृहीत धरते; त्या चार गोष्टींचा हिशेब घरातल्या कुरकुरीत नोंदविला जातो.

१. अंदाज आणि माप

मराठीत मुद्रित पाकशास्त्राची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले. या परंपरेत सर्वाधिक घरांत पोहोचलेले पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे ‘रुचिरा’. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि लग्नात मुलीला हे पुस्तक देण्याची पद्धत मध्यमवर्गात रूढ झाली.

‘रुचिरा’चे महत्त्व केवळ पदार्थांच्या संख्येवर मोजता येत नाही. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे वापरून पदार्थ नेमका सांगणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. या साध्या वाटणाऱ्या निवडीचा सामाजिक अर्थ मोठा आहे. तोवर स्वयंपाकाचे ज्ञान ‘अंदाजाने’ चालत असे, आणि अंदाज हा घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या हाताचा असे. किती मीठ, किती पाणी, आच केव्हा कमी करायची, हे सासूच्या हाताला माहीत आणि सुनेच्या हाताला माहीत नाही, या फरकावर घरातील अधिकार उभा होता.

हा अधिकार किती कठोर असू शकतो याचे चित्रण बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात आढळते. पहाटे उठून दळण दळणारी, हातात मावणार नाही एवढ्या पिठाच्या भाकरी थापणारी अजाण सून आणि तिच्या कच्च्या राहिलेल्या भाकरी शेजारणींना दाखवून तिची अब्रू काढणारी सासू, हा प्रसंग वाचकाच्या मनातून जात नाही. भाकरी येथे अन्न राहत नाही, ती सुनेची परीक्षा होते. मुलीला कोणी शिकवलेले नसते, तरीही नापास होण्याची शिक्षा तिलाच होते.

या पार्श्वभूमीवर ‘रुचिरा’तील वाटी-चमचा हे मुक्तीचे एक लहानसे साधन होते, असे म्हणावे लागेल. मापामुळे ज्ञान व्यक्तीच्या हातून पुस्तकात आले. परगावी बदली झालेल्या नवऱ्याबरोबर गेलेल्या किंवा नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या स्त्रीला कोणाची बोलणी न खाता ते मिळू लागले. मात्र हे साधन ज्या घरांत पोहोचले, ती घरे कोणती होती, हा प्रश्न उरतोच. ‘जिणं आमुचं’मधील सुनेच्या घरी मापून घालावे असे फारसे काही नव्हतेच. तेथे मापाची जागा भुकेने घेतली होती.

२. पाककृतीने गृहीत धरलेल्या चार गोष्टी

‘रुचिरा’ यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात वाचली की तिच्यातील न लिहिलेल्या ओळी ठळक दिसू लागतात.

पहिली गोष्ट सरपणाची. ‘मंद आचेवर’ हे दोन शब्द पाककृतीत सहज येतात. वऱ्हाडातील चुलीत मात्र पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. वेचणी संपल्यावर उपटलेली कपाशीची झाडे वर्षभराचे जळण म्हणून रचून ठेवली जातात. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लवकर विझते, म्हणून तिच्यावर मंद आच राखायची तर स्वयंपाक करणारीला चुलीपुढून हलता येत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. या किडीची साखळी तोडण्यासाठी पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर वा घराजवळ साठवू नयेत, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. तो शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु तो पिकाला उद्देशून दिलेला असतो. त्या ढिगावर वर्षभर भाकरी भाजणारी स्त्री त्या सल्ल्यात कोठेच नसते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसची शेगडी आली. तरीही चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी आजही सर्रास दिसते, कारण सिलिंडर भरून आणण्याचा खर्च रोख द्यावा लागतो आणि पऱ्हाटी वावरातून येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. यवतमाळ शहराचा पाणीपुरवठा निळोणा आणि चापडोह या जलाशयांवर अवलंबून राहिला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई अनुभवली. ‘डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावी’ अशा धर्तीच्या सूचनेतील दोन-तीन पाणी म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात प्रत्येक घराला कळले. धुतलेल्या डाळीचे पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी झाडाला, हा क्रम कोणत्याही पाककृतीत लिहिलेला नाही.

तिसरी गोष्ट धान्याची. ज्वारीची भाकरी, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून केलेली अंबाडीची भाजी, झुणका, कढी हे या भागाचे रोजचे जेवण. मागील काही दशकांत सोयाबीनचा पेरा वाढला आणि ज्वारीचा घटला. सोयाबीन बाजारात विकले जाते. त्याची भाकरी होत नाही आणि ढोरांना कडबाही मिळत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते, ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. या धान्याने भूक भागविण्यास मोठा हातभार लावला, हे मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर घरातील वृद्धांची ‘पोळीनं पोट भरत नाही’ ही तक्रार नुसती जिभेची खोड नव्हे. पीकपद्धतीत झालेल्या बदलाची ती घरगुती भाषेतील नोंद आहे. निंदणाला गेलेल्या स्त्रिया ओट्यात तरोटा, चिवळ, केना घेऊन परतत. तणनाशकांचा वापर वाढल्यावर ही बिनपैशाची भाजीही कमी झाली. ‘आज भाजी काय करावी’ हा रोजचा वैताग असा वावरापर्यंत जाऊन पोहोचतो.

चौथी गोष्ट वेळेची. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ती करणारे पुरुष ९७ मिनिटे त्यांत घालवीत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली. अंतर जवळपास होते तेवढेच राहिले. वेचणीच्या हंगामात ही मिनिटे पहाटेकडे सरकतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे स्वयंपाकाला लागलेला प्रत्येक जास्तीचा क्षण कापसाच्या वजनातून वजा होतो.

३. कुरकुरीचे वाङ्मय आणि तिची दिशा

पाककृतीने वगळलेला हा हिशेब साहित्यात कोठे सापडतो? त्याचे एक उत्तर लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा दंडक, उदार पण व्यवहारशून्य पतीबरोबर संसार रेटताना होणारी ओढाताण, हे सारे येते. लक्ष्मीबाई त्याविषयी तक्रार करतात आणि त्याच वेळी हसतात. जातिभेदाविषयीचे त्यांचे मन कसे पालटले, हेही त्या सिद्धांताच्या भाषेत सांगत नाहीत; कोणाच्या हातचे पाणी आणि कोणाच्या हातचे अन्न या प्रश्नांतूनच तो बदल आकाराला येतो. ‘स्मृतिचित्रे’च्या विनोदाची समीक्षा पुष्कळ झाली आहे. त्या विनोदाच्या बुडाशी असलेली रिकाम्या डब्यांची जाणीव तेवढ्याच गांभीर्याने वाचली गेली पाहिजे.

दुसरे उत्तर जात्यावरच्या ओवीचे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. सासर-माहेर, दळण, भाऊ, पाहुणा हे त्यांतील वारंवार येणारे विषय. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळणाचे कष्ट कमी झाले, ही इष्टच गोष्ट घडली. त्याबरोबर पहाटेची ती बोलण्याची जागाही गेली.

येथे एक आक्षेप घेता येईल. कुरकुर म्हणजे प्रतिकार नव्हे. उलट ती मनातील वाफ बाहेर टाकून व्यवस्था आहे तशीच चालू ठेवते. शिवाय सासूने सुनेविषयी केलेली कुरकुर हे दडपणाचेच हत्यार असते. हा आक्षेप सार्थ आहे आणि त्यामुळेच कुरकुरीची दिशा तपासणे आवश्यक ठरते. ‘जिणं आमुचं’मधील सासूची कुरकुर वरून खाली जाते, ती सत्तेची भाषा आहे. लक्ष्मीबाईंची कुरकुर खालून वर, म्हणजे वडील, पती, रूढी यांच्याकडे जाते. ओवीतील कुरकुर कोणाकडेच थेट जात नाही. ती जात्याला सांगितली जाते. एकाच घरातील एकच स्त्री सून असताना एका दिशेने आणि सासू झाल्यावर दुसऱ्या दिशेने बोलते. कोण, कोणाला, कोणाच्या देखत बोलत आहे, हे न पाहता सर्व कुरकुरीला ‘स्त्रियांचा स्वभाव’ म्हणणे ही समीक्षेची उणीव होय.

पुरुषांच्या स्वयंपाकाचाही येथे विचार करावयास हवा. वऱ्हाडात वावरात वा देवस्थानी रोडग्यांचा बेत होतो तेव्हा गोवऱ्यांचा जगरा पेटविण्यापासून वांग्याच्या भाजीपर्यंत पुरुष उत्साहाने पुढे असतात. त्या स्वयंपाकाचे कौतुक होते, त्याच्या आठवणी निघतात. तोच स्वयंपाक घरात, रोज आणि न चुकता करावयाचा झाला की तो कौतुकाचा विषय राहत नाही. ‘हातात चवच नाही’ हे वाक्य सहसा रोज रांधणाऱ्या हातालाच ऐकावे लागते.

४. ‘तेरवं’ : रिकाम्या घराचे जेवण

या चर्चेला यवतमाळ जिल्ह्यात एक वेगळे परिमाण आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी असलेल्या या स्त्रीने श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात भूमिका केली होती. त्या नाटकात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या.

नाटकाचे शीर्षक लक्षणीय आहे. तेरवं म्हणजे तेरावा दिवस, आणि तेराव्या दिवशी गावाला व सोयऱ्यांना जेवू घालावे लागते. कर्जापायी माणूस गेलेल्या घरासमोर पहिला जाहीर प्रश्न उभा राहतो तो स्वयंपाकाचा : किती पाने, किती गहू, किती तेल आणि कोणाच्या उधारीवर. शेतीच्या अरिष्टाची चर्चा आपण हमीभाव, सिंचन आणि पतपुरवठा या संज्ञांत करतो, व ती तशी केलीच पाहिजे. परंतु त्या अरिष्टाचा शेवटचा हिशेब चुलीपाशी बसून एक स्त्री करते. तिचा आवाज संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत पोहोचला, हे मराठी वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तो प्रसंग अपवाद ठरू नये, ही जबाबदारी अध्यापक आणि समीक्षक यांची आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात.

१. पाककृतींचे पुस्तक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो. ‘रुचिरा’ने मापाच्या साहाय्याने अंदाजाची सत्ता सैल केली, ही तिची ऐतिहासिक कामगिरी होय.

२. पाककृती पाणी, सरपण, धान्य व वेळ यांची उपलब्धता गृहीत धरते. यवतमाळसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात ही गृहीतकेच घरातील संघर्षाची कारणे ठरतात.

३. घरगुती कुरकुर ही या संघर्षाची नोंद आहे. मात्र तिची दिशा तपासल्याशिवाय तिला प्रतिकार वा केवळ त्रागा ठरविणे उचित नाही.

४. ‘रुचिरा’ आणि ‘जिणं आमुचं’ अभ्यासक्रमात शेजारी ठेवून शिकविता येतील. एकीत पदार्थ आहे आणि परिस्थिती नाही. दुसरीत परिस्थिती आहे आणि पदार्थ जवळजवळ नाही. दोन्ही मिळून मराठी स्वयंपाकघराचे चित्र पूर्णत्वाकडे जाते.

आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक विद्यार्थिनी सकाळच्या तासिकेपूर्वी घरचा स्वयंपाक आटोपून एस.टी.ने येतात. घरातील एका दिवसाच्या स्वयंपाकाची, त्याला लागलेल्या पाण्याची, जळणाची, वेळेची आणि त्यावर कोण काय बोलले याची नोंद त्यांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत केली, तर तो प्रकल्प-लेखनाचा उत्तम विषय ठरेल. असे लेखन मराठी, गृहअर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कृषी या चारही विभागांनी मिळून वाचावे.