जुनं रसायन, जुना हिशेब

वेट प्लेट कलोडियनने काढलेल्या फोटोत निळं आकाश पांढरंफटक येतं, निळे डोळे काचेच्या गोट्यांसारखे दिसतात आणि सावळी कातडी आहे त्याहून कितीतरी काळी उमटते. या रसायनाला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा दिसतो. लाल-पिवळ्याला ते जवळजवळ आंधळं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिका-युरोपातल्या कलावंतांनी पुन्हा हाती घेतली आहे. कार्यशाळा भरतात, रसायनांचे तयार संच मिळतात, चित्रपट महोत्सवात नटनट्यांचे टिनटाइप, म्हणजे पत्र्यावरचे असे फोटो, काढण्याची टूमही येऊन गेली. कौतुक भरपूर झालं. पण या रसायनाची नजर निष्पक्ष नाही, हे ध्यानात ठेवून काम करणारे थोडे. आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचं सार्थक त्या थोड्यांनीच केलं आहे.

खटाटोप खराच. काच किंवा काळा लेप दिलेला पत्रा कोपऱ्याशी धरायचा, मधोमध कलोडियन (इथर असलेलं चिकट द्रावण) ओतायचं, प्लेट चारही कोपऱ्यांकडे कलती करायची आणि उरलेलं बाटलीत परत निथळू द्यायचं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटं. तिथून पुढे थर ओला आहे तोवर फोटो काढून, फेरस सल्फेटने डेव्हलप करून मोकळं व्हायचं. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. समोर बसलेल्याने काही सेकंद हलायचं नाही. फिक्सरमध्ये पडल्यावर निळसर, धुरकट, उलटा चेहरा बघता बघता सुलटा होतो. ही गंमत इतकी मोहवते की पुष्कळजण तिथेच रमतात. चित्र कशासाठी काढलं, हे विचारायचं राहून जातं.

छायाचित्रकार सॅली मानचं तसं झालं नाही. अमेरिकन यादवी युद्धात अँटिएटमला पडलेल्या प्रेतांचे फोटो अलेक्झांडर गार्डनरने १८६२ मध्ये याच पद्धतीने काढले होते. मान तीच रसायनं घेऊन त्याच रणभूमीवर गेली. धूळ, ओघळ, सुटलेला थर असलेल्या, आर्चरच्या काळात फेकूनच दिल्या असत्या अशा प्लेटा तिने राखल्या, आणि त्यांत जमीनच जखमी वाटते. नंतरच्या मंडळींनी मात्र तिचे ओघळ तेवढे उचलले. आता ठरवून पाडलेले डाग बघून कंटाळा येतो.

नावाहो छायाचित्रकार विल विल्सनने २०१२ मध्ये सुरू केलेलं काम मला अधिक मोलाचं वाटतं. छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसने अमेरिकेतल्या मूलनिवासींना अस्तंगत होणारे लोक ठरवून वीस खंडांत बंद केलं. विल्सन समोरच्यालाच ठरवू देतो: कपडे कोणते, हातात काय, बसायचं कसं. काढलेला टिनटाइप त्यालाच देतो आणि स्वतःकडे ठेवतो तो स्कॅन. टिनटाइपला निगेटिव्ह नसते, प्रत एकच. म्हणून या देण्याला वजन आहे. कर्टिस कोरड्या प्लेटा वापरी. विल्सनचं रसायन त्याहून जुनं, पण उत्तर नेमकं त्यालाच.

कृष्णवर्णीय अमेरिकन छायाचित्रकार मायरा ग्रीनने आपलं नाक, ओठ, कान, दात काळ्या काचेवर सुटे सुटे टिपले, वंशशास्त्रज्ञ टिपत तसे. कृष्णवर्णीय कातडी आणखी काळी करणाऱ्या रसायनालाच तिने साक्षीला उभं केलं. लंडनच्या खदीजा साये या गॅम्बियन-ब्रिटिश मुलीने विधींच्या वस्तू घेऊन स्वतःचे टिनटाइप काढले. २०१७ मध्ये ते व्हेनिस बिएनालेत लागलेले असतानाच ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ती गेली. वय चोवीस.

आपल्याकडचा हिशेब मुंबईतच आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढे छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ च्या दोन खंडांत मुंबईतल्या जातीजमाती मांडल्या. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची जोडलेली. अशा वर्गवारीची टर कलावंत पुष्पमाला एन. यांनी क्लेअर अर्नींसोबत 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया'मध्ये उडवली, तीही कलोडियनच्या वाटेला न जाता. म्हणजे जुनी पद्धत वापरली की काम जमलं, असं मुळीच नाही.

तरी ज्यांना ती शिकायची हौस आहे त्यांनी जरूर शिकावी. इथर पस्तीस अंशांच्या आतबाहेर उकळतं, तेव्हा मे महिन्यात जपून. फक्त किल्ल्यांचे बुरूज काढायला निघण्याआधी जॉन्सनचे ते दोन खंड चाळावेत. त्यांतल्या समाजांची माणसं आजही मुंबईतच राहतात. त्यांना समोर बसवावं, आणि फोटो कसा हवा ते आधी त्यांनाच विचारावं.