मागे दिसतो तो किल्ला

आमच्या घरात कलाकृती एकच : वडिलांनी १९८८ साली काढलेला धारूरच्या किल्ल्याचा अल्बम. फोटो ३६. मी पडलो बँकेतला कारकून. समीक्षेआधी हिशेब तपासला. आई २२, मामा ११, छायाचित्रकाराचा अंगठा २. किल्ला शिल्लक १.

आपल्या बीड जिल्ह्यातला हा किल्ला किश्वरखान या आदिलशाही सरदारानं १५६७ च्या सुमारास बांधला आणि पुढे निजामशाहीशी लढताना तो इथंच मारला गेला. ज्या बुरुजापायी माणसाचा जीव गेला, तो इथं मामांच्या टोपीवर तुऱ्यासारखा उगवलाय! वडिलांचं धोरण सरळ होतं : रोल महाग, दगड फुकट, तेव्हा रोल माणसांवर खर्च करावा. इतिहास म्हणून अल्बम नापास, असा शेरा मी मारून ठेवला होता.

परवा अल्बम काखोटीला मारून धारूरला गेलो. मामांच्या खांद्यामागं दिसणारा तट जागेवर ढासळलेला. मामाही आता नाहीत. दोघं उभे आहेत ते त्या एका फोटोत, एकमेकांच्या आधारानं.

शेरा मागं घेतो. अंगठ्याबद्दलची हरकत मात्र कायम.