वाळूचे पंख

पहिल्या पावसाने मुलचेऱ्याच्या जंगलवाटा भिजल्या, की गुरांच्या वाटेवर शेणकिडा कामाला लागतो. डोके मातीकडे, मागचे पाय वर आणि त्या पायांनी रेटत नेलेला, त्याच्या देहापेक्षा मोठा असा शेणाचा गोळा. सागाच्या पानावरून घसरला तरी तो पुन्हा गोळ्याला भिडतो. याच कुळातल्या किड्याकडे नाईलकाठच्या माणसांनी पाहिले आणि त्यांना वाटले, पहाटेचा सूर्यही असाच कुणीतरी क्षितिजावर लोटत आणत असणार. त्या एका निरीक्षणातून खेप्री हा उगवत्या सूर्याचा देव आला, आणि त्याच्या मागोमाग हजारो वर्षांची दागिन्यांची परंपरा.

त्या परंपरेतला एक उशिराचा अलंकार मला फार प्रिय आहे. १९२०च्या दशकात लंडनच्या कार्तिए पेढीने घडवलेला, पंख पसरलेल्या स्कॅरबचा, म्हणजे याच शेणकिड्याचा, ब्रोच. सोने, प्लॅटिनम, हिरे, पन्ने, मीना असा सारा थाट त्यात आहे. पण नजर प्रथम थांबते ती पंखांच्या निळाईवर. किड्याला इथे पक्ष्याचे पंख आहेत, पिसांच्या ओळीवर ओळी रचलेले, आणि ते कार्तिएच्या कारागिराचे नाहीतच. ते खरोखरीचे प्राचीन इजिप्शियन पंख आहेत. असे पंख आणि मधला किडा तिथे वेगवेगळे घडवत, कडेच्या बारीक भोकांतून दोरा ओवत आणि मृताच्या देहावर पांघरलेल्या मण्यांच्या जाळीत गुंफत. पुनर्जन्माची आशा अशी छातीवर शिवलेली असे.

आता त्या निळ्या रंगाजवळ आपण जरा रेंगाळू या. हे फायेन्स आहे. दुरून चिनीमातीसारखे भासते, पण त्यात माती जवळजवळ नसते. असते ती दळलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, खारे क्षार आणि तांब्याचा अंश. हा ओला लगदा आकार घेऊन वाळू लागतो, तसे आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत वितळून तिथेच काचेची झिलई होतात. म्हणजे या निळाईला वरून कुणी माखलेले नाही, ती वस्तूच्या अंतरंगातून उमलून आली आहे. आकाश, नाईलचे पाणी आणि नवा जन्म हे सारे ज्या रंगात त्या लोकांना दिसले, तो रंग अशा रीतीने आतून यावा, यापरते औचित्य कोणते!

आणि मधला देह? तो कार्तिएने धुरकट स्फटिकाचा केला. या निवडीचे कौतुक करावे तितके थोडेच. स्फटिक म्हणजे तरी काय, जी वाळू फायेन्समध्ये आहे तिचाच मूळ घटक, सिलिका. फक्त भूगर्भात शांतपणे स्फटिकरूप झालेली आणि खडकांतल्या किरणोत्साराने युगानुयुगे धुरकटलेली. प्राचीन पंख आणि आधुनिक देह यांच्यात हे असे रक्ताचे नाते आहे. आपल्याकडे जुना दागिना मोडला की मोड सोनाराच्या हाती जाते, आटते आणि नव्या घडणीत तिची ओळख पुसली जाते. इथे जुना तुकडा आपल्या झिजेसकट, अभंग आदराने मिरवतो, आणि भोवतीचे हिरे त्याच्या कडा राखतात. हिऱ्यांनी इतके नम्र व्हावे, असे क्वचित घडते.

१९२२च्या नोव्हेंबरात पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याची कबर सापडली आणि सारा युरोप इजिप्तच्या आकारांनी भारून गेला. हा ब्रोचही त्याच लाटेतला. पण त्या कबरीतल्याच एका उरोभूषणाशी त्याची भेट घडवली, की रसिकाला खरा आनंद होतो. तिथेही मध्यभागी पंखधारी स्कॅरब आहे. त्याचे मागचे पाय पक्ष्याच्या नख्यांचे आहेत, आणि त्याने वर उचलून धरलेल्या चंद्रनौकेत एक डोळा उघडा आहे. त्याचा पिवळसर हिरवा, अर्धपारदर्शक देह दीर्घकाळ एक प्रकारचा अकीक मानला गेला. १९९०च्या दशकात परीक्षण झाले तेव्हा कळले, की ती लिबियन वाळवंटातली नैसर्गिक काच आहे, सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी आकाशातून आलेल्या पाषाणाच्या प्रचंड उष्णतेने वितळलेली वाळू. पुन्हा तीच सिलिका! एकीला भट्टीने निळे केले, एकीला भूगर्भाने धुरकट, आणि एकीला आकाशाने हिरवट. त्या उरोभूषणात सोने, लाजवर्द आणि लाल अकीक यांची नुसती दाटी आहे. तरी आपण आधी त्या फिकट काचेकडेच पाहावे, आणि तिच्यावर हळुवार कोरलेल्या पाठीच्या रेषा, जिथे पंखांची झाकणे एकमेकांना भिडतात, तिथवर नजरेने जावे. सोन्याची पाळी मग येऊ द्यावी.