गंज कुठून सुरू होतो?

यूट्यूबवर एका वेगळ्याच जातीचे व्हिडिओ असतात. एक माणूस खोक्यातून मालगाडीचा नवाकोरा छोटा डबा काढतो. डबा तळहातावर मावेल एवढा, अक्षरं सुबक, रंग तकतकीत, किंमत चांगलीच. मग तो त्यावर मळकट रंगाचं पाणी सोडतो, स्पंजाने ठिपके देतो, वीटकरी पावडर चोळतो. व्हिडिओ संपतो तेव्हा भंगारवाल्यानेही भाव पाडून मागावा, असा तो डबा दिसत असतो. आणि बघणारे खूश होतात.

याला मॉडेल रेल्वेच्या जगात 'वेदरिंग' म्हणतात. ऊन, पाऊस, कोळसा, तेल आणि वर्षं यांचा परिणाम रंगाने दाखवणं. सोप्या भाषेत, नवी वस्तू मुद्दाम जुनी करणं. हा रंग एकदा चढला की सहसा उतरत नाही, आणि 'खोक्यासकट, हात न लावलेलं' मॉडेल जपणाऱ्या संग्राहकाच्या लेखी त्या डब्याची किंमत तिथेच संपते. म्हणजे धोका खरा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडवायची आणि ती बिघडल्यामुळेच खरी वाटेल अशी आशा ठेवायची.

यात कौशल्य लागतं, हे उघडच आहे. पण कौशल्याचं कौतुक म्हणजे समीक्षा नाही. चित्र, सिनेमा, कादंबरी यांना आपण जो प्रश्न विचारतो, तो या साडेसहा सेंटिमीटरच्या डब्यालाही विचारला पाहिजे: हे खरं बोलतंय का? गंजाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नेमका करता येतो. हा गंज कुठून सुरू झाला?

सोळा टनांचा डबा

उदाहरण म्हणून इंग्लंडमधली एकच वस्तू घेऊ. ब्रिटिश रेल्वेचा १६ टनी कोळशाचा डबा. चार चाकं, वरून उघडी पोलादी पेटी, १६ टन माल वाहण्याची क्षमता. दुसऱ्या महायुद्धानंतर असे डबे लाखांच्या घरात होते. खाणीतून वीजकेंद्र, बंदर, गिरणी, घराघरातली शेगडी, सगळीकडे कोळसा यांच्यातूनच जायचा. ब्रिटनमधल्या वेदरिंग करणाऱ्यांचा हा लाडका डबा आहे, कारण तो गंजायचा भरपूर.

पण कसा गंजायचा, ते पाहा. तो मुख्यतः आतून गंजायचा. वरून धाडधाड कोळसा पडला की आतला रंग खरवडून निघायचा. ओला कोळसा, त्यातलं गंधक, तळाच्या कोपऱ्यात साठलेलं पावसाचं पाणी, यांनी पत्रा आतून खाल्ला जायचा. बाहेरच्या अंगाला गंज पहिल्यांदा दिसायचा तो वेल्डिंगच्या सांध्यांवर, खालच्या कडेला आणि दाराच्या बिजागऱ्यांपाशी. तिथून रंग फुगायचा, फुटायचा आणि पावसाबरोबर तपकिरी ओघळ खाली यायचा. पत्रा फारच खाल्ला गेला की त्या जागी नवा तुकडा जोडला जाई. नंबर वाचेनासा झाला की तेवढीच जागा काळ्या रंगाने झाकून त्यावर नवा नंबर घातला जाई. म्हणून मरगळलेल्या राखाडी डब्यावर एकच काळाभोर, ताजा चौकोन दिसायचा.

त्यावर एक तिरपी पांढरी रेघही असायची. ती सजावट नव्हती. ज्या टोकाला दार आहे ते टोक ती दाखवायची. डबा त्या बाजूने कलंडवून कोळसा रिकामा करता यावा, म्हणून. रंगाचंही तसंच. ज्या डब्यांना गाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकची जोडणी नव्हती ते राखाडी, ज्यांना होती ते विटकरी तपकिरी. म्हणजे काही डबे जन्मतःच गंजाच्या रंगाचे! अशा डब्यावर गंज दाखवायचा तर नुसता तपकिरी रंग पुरत नाही. ताजा गंज नारिंगी, जुना गडद, जवळजवळ काळपट चॉकलेटी, आणि मूळ रंग उन्हाने फिका पडलेला. या तिन्हींत फरक करणारा डोळा लागतो.

चांगलं वेदरिंग हे सगळं जाणतं. आधी गंजाचा थर, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर राखाडी रंग, आणि मग ओल्या ब्रशने वरचा रंग जागोजागी खरवडायचा, अशी एक पद्धत आहे. मला ती आवडते ती परिणामासाठी नाही, क्रमासाठी. लोखंड खाली, रंग वर, आणि खालचं वर डोकावतं. प्रत्यक्षातही हेच घडतं. तंत्र आणि वास्तव एकाच दिशेने चालतात तेव्हा डोळ्याला खटकत नाही.

खटकतं कधी? मोजमाप विसरलं की. ब्रिटनमधलं सर्वांत प्रचलित प्रमाण १:७६. या डब्यावरचा तीन मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या डब्यावर सुमारे २३ सेंटिमीटरचं भोक पडल्यासारखी जखम. स्पंजाने उत्साहात असे पन्नास टवके उडवले की तो डबा कोळसा वाहत नव्हता, तोफांचा मारा झेलत होता, असं वाटू लागतं.

चाक चमकतं की नाही

पण माझी मुख्य तक्रार मोजमापाची नाही. ती अर्थाची आहे.

आज 'गंज' बाटलीत मिळतो. नवा गंज, जुना गंज, इंजिनाची काजळी, ओघळ, प्रत्येकाची वेगळी बाटली. सोय चांगली आहे. पण बाटलीतल्या गंजाला कारण नसतं. तो सगळीकडे सारखा लागतो: दारावर, नंबरावर, छतावर, चाकावर. परिणामी रुळांवर वीस डबे उभे राहतात आणि वीसही मेलेले दिसतात. मग त्यांना जोडलेलं इंजिन धावू लागतं आणि आपण बघत राहतो, ही गाडी चालली आहे की हिची अंत्ययात्रा?

खऱ्या जगात चालत्या डब्याची एक खूण असते, आणि ती गंजात नसून चकाकीत असते. चाकाची जी कड रुळावर फिरते ती घासून घासून पांढरी चमकते. चाकाचा दर्शनी भाग मात्र ब्रेकच्या लोखंडी धुळीने तपकिरी. आसाच्या टोकाशी तेलाचा काळा ओलसर डाग. हात लागतो त्या दांड्यावरचा रंग गेलेला, पण लोखंड गुळगुळीत. डबा महिनाभर यार्डात पडून राहिला की पहिल्यांदा गंजते ती ही चमकणारी कड. म्हणजे चाक बघून सांगता येतं की डबा कामावर आहे की बेकार.

मॉडेलमध्ये यात एक गंमत आहे. छोटं इंजिन रुळांतून वीज घेतं, म्हणून रुळाचा माथा आणि चाकाची कड स्वच्छ ठेवावीच लागते, नाहीतर गाडी अडते. जे वास्तवाच्या दृष्टीने खरं, तेच विजेच्या दृष्टीने गरजेचं. या छंदाने स्वतःच आपल्याला सांगून ठेवलंय: सगळं गंजवू नका, जिथे काम चालतं ती जागा चमकू द्या.

गंज म्हणजे फक्त मरण नव्हे. कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट दाखवलं, तर तो कामाचा हिशेब असतो.

डायनासोर आणि मंदी

हा विचार नवा नाही. १९४०-५० च्या दशकांत बहुतेक मॉडेल गाड्या खेळण्यांसारख्या लखलखीत असायच्या. त्या काळात कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे इथल्या जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने १:८७ प्रमाणात एक काल्पनिक रेल्वे उभी केली: 'गोरी अँड डिफीटेड'. स्पेलिंग चमत्कारिक, पण उच्चारात अर्थ 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. तिथले डबे मळके, इमारती कलत्या, लाकूड उन्हाने करडं पडलेलं. १९७३ मध्ये अ‍ॅलन वारला आणि काही दिवसांतच आगीत त्याचं बहुतेक सगळं काम जळून गेलं. आज आपण ते त्यानेच काढलेल्या फोटोंत पाहतो.

त्या रुळांवर एक स्टेगोसॉरसही होता, एमा नावाचा. तो यार्डात डबे ढकलायचा! तो विनोद चालून जातो, कारण आजूबाजूचा प्रत्येक डाग खरा आहे. अ‍ॅलनचा मळ काहीतरी विश्वासार्ह करण्यासाठी होता. त्या विश्वासाच्या जोरावर तो थापही मारू शकत होता.

अ‍ॅलनचा वारसा मानणारा जॉर्ज सेलिओस हा दुसरा मोठा कलावंत. मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी इथे त्याने 'फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर' ही रेल्वे उभारली. काळ १९३० च्या दशकातल्या महामंदीचा. दाटीवाटीच्या इमारती, भिंतींवर विटत चाललेल्या जाहिराती, गंजलेले जिने, कचरा, कोपऱ्याकोपऱ्यात माणसं. फोटो पाहताना डोळा थकतो, इतका तपशील. मेहनत आणि हातोटी यांत त्याची बरोबरी करणारे फार थोडे.

तरीही मला ते शहर एका बाबतीत पटत नाही. तिथे जवळजवळ सगळंच सारख्याच वयाचं आहे. खऱ्या शहरात, मंदीतसुद्धा, कुणीतरी दुकानाचं दार नुकतंच रंगवलेलं असतं, कुणीतरी रोज सकाळी पायरी धुतो. गरिबी म्हणजे सर्वत्र पसरलेला एकच पोत नव्हे. गरीब माणूस आपल्या वस्तू श्रीमंतापेक्षा जास्त पुसतो, कारण दुसरी आणायला पैसे नसतात. हे पुसणं काढून टाकलं की उरते ती मंदीची शोभा. आपण फाटकी जीन्स नवी विकत घेतो किंवा फोटोला 'विंटेज' फिल्टर लावतो, त्याचीच ही मोठी, थक्क करणारी बहीण.

सेलिओसच्या बाजूने एक म्हणता येईल. तो नाटकाचा नेपथ्यकार आहे, इतिहासकार नाही. मान्य. पण नेपथ्य पाहून लाखो लोक इतिहास शिकतात, हेही तितकंच खरं.

डबा पुसणारा माणूस

प्रवासी डब्यांत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मालाचा डबा कुणी धूत नाही. प्रवासी डबा धुतला जातो. त्यामुळे त्याचा मळ हा धुण्याचा उरलेला भाग असतो. बाजू स्वच्छ, पण खिडकीच्या कोपऱ्यात, दाराच्या मुठीमागे, जिथे ब्रश पोचत नाही तिथे काळी रेघ. छतावर काजळी, कारण तिथे कुणी चढत नाही. खाली चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ.

आणि किती मळ हे काळावर ठरतं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमधली इंजिनं चकाकत असत, कारण ती पुसायला कमी पगारावर पोरं मिळत. १९६० च्या दशकात, वाफेचा जमाना संपत आला असताना, तीच इंजिनं काजळीने माखलेली दिसतात. त्या कामाला माणसंच मिळेनाशी झाली होती. १९६८ मध्ये तिथल्या मुख्य मार्गांवरचं वाफेचं युग संपलं. म्हणजे १९०५ चं लखलखीत मॉडेल आणि १९६५ चं कळकट मॉडेल, दोन्ही खरी असू शकतात. दोन्हींच्या मागे मजुरीचा दर आहे. जो कलावंत हे जाणतो त्याच्या डब्यावर आपल्याला तो पुसणारा, किंवा आता नसलेला, माणूस दिसतो.

आपल्याकडेही पाहण्यासारखं भरपूर आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. अनेक मराठी मुलांनी मॉडेल रेल्वे पहिल्यांदा तिथेच पाहिली असेल. पण खऱ्या गाडीचा अभ्यास करायला कुठलंही स्टेशन पुरतं. चेन्नईच्या कारखान्यातले जुने आयसीएफ पद्धतीचे डबे संडासाच्या आसपास आणि खिडक्यांखाली गंजतात, कारण तिथे पाणी मुरतं. त्या कारखान्यात हे डबे बांधणं २०१८ मध्ये थांबलं. आताच्या एलएचबी डब्यांचं अंग स्टेनलेस स्टीलचं. त्यांच्या बाजूंवर गंजाचे ओघळ रंगवणारा कलावंत कितीही हुशार असला तरी खोटं बोलतोय. त्या डब्यांचा मळ वेगळा आहे: धूळ, पाण्याचे वाळलेले डाग, आणि दाराखाली उमटलेली पानाची लाल पिचकारी. ही पिचकारी कुठल्याही परदेशी बाटलीत मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी फाटकाशी मालगाडीमुळे खोळंबलात, तर मोबाईल खिशात ठेवा आणि डबे वाचा. कोळशाच्या डब्याची वरची कड वाकलीय का? कुठला पत्रा नंतर जोडलाय? आणि शेवटी चाक बघा.

१६ टनी डबे आता तिथल्या रुळांवरून गेले. ज्या खाणींसाठी ते होते त्याही गेल्या. १९८४-८५ चा मोठा संप हरला आणि त्यानंतर त्या झपाट्याने बंद पडल्या. एखादा माणूस टेबलावर वाकून, साडेसहा सेंटिमीटरच्या पत्र्यावर नारिंगी ठिपका देतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, सगळं गंजवून हळहळायचं. दुसरी, दाखवायचं की इथे कोळसा पडायचा, इथे माणसाचा हात लागायचा, आणि हे चाक रोज फिरायचं. पहिल्या वाटेने सुंदर भंगार तयार होतं. दुसरीने मालगाडी.