अभिजाताचा शिक्का

रॉक संगीताशी माझी ओळख फार उशिरा झाली, आणि तीही कानांआधी पुस्तकातून, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. बॉस्टनला राहणाऱ्या पुतण्याने कार्टर अ‍ॅलन यांचे 'रेडिओ फ्री बॉस्टन' हे २०१३ साली निघालेले पुस्तक धाडले. परक्या गावच्या एका नभोवाणी केंद्राची कथा; आपल्याला तिचे काय, असे म्हणत ते उघडले, आणि घरात चकल्यांचा घाणा चालू असताना संपवूनच उठलो.

केंद्राचे नाव डब्ल्यूबीसीएन. गंमत अशी, की १९५८ साली ते जन्मले पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी. बीसीएन ही अक्षरेच 'बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क'ची. पण धंदा बसेना. एफएम केंद्रांनी आपल्या भावंड एएम केंद्रांचेच कार्यक्रम दिवसभर पुन्हा ऐकवू नयेत, असा सरकारी नियमही त्याच सुमारास आला होता, आणि एफएमवर नवे काही करून पाहण्याची हवा निर्माण झाली होती. रे रीपेन नावाच्या वकिलाने रात्रीचे तास मागून घेतले, आणि १५ मार्च १९६८ च्या रात्री बाख-मोझार्टच्या त्या घरात 'क्रीम' या त्रिकुटाचे 'आय फील फ्री' घुमले.

खरी नवलाई पुढेच आहे. पुढची तबकडी कोणती, हे निवेदक स्वतः ठरवी! ब्लूजनंतर रॉक, त्यामागून जॅझ. एकीच्या शेजारी दुसरी ठेवताच पहिलीचा अर्थ पालटे. एकही विशेषण न वापरता केलेली ही समीक्षाच नव्हे काय? आम्हां टीकाकारांना ते कुठले साधायला! रात्रीचा निवेदक पीटर वुल्फ तर पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजला. १९७९ साली नव्या मालकांनी निम्म्याच्या आसपास माणसे काढून टाकली, तेव्हा उरलेलीही बाहेर पडली. श्रोते त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सुमारे तीन आठवड्यांत मालकांना नमावे लागले. गाणी लावणाऱ्या माणसांसाठी गाव असे उभे राहते, ते काय उगाच?

१९८५ साली त्याच शहरात डब्ल्यूझेडएलएक्स हे 'क्लासिक रॉक' केंद्र झाले. या धंद्याची रीत अशी, की गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे श्रोत्यांना ऐकवायचे, पसंतीचे गुण घ्यायचे, आणि अव्वल ठरलेली गाणी फिरवीत राहायचे. माझा आक्षेप आहे तो येथे. आपल्याकडे यमन अभिजात, कारण प्रत्येक गवयाला तो नव्याने मांडावा लागतो. येथे अभिजात म्हणजे ज्याबद्दल आता कोणी भांडणार नाही ते!

पण थांबा. निवड माणसाने केली की ती चांगलीच, असे म्हणण्याची सोय निदान आपल्याला नाही. १९५२ साली केसकरांच्या अभिरुचीपायी आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, आणि आमच्या वडिलांच्या पिढीने खुशाल रेडिओ सिलोन लावला. १९५७ साली विविधभारती आली ती त्यानंतर. वरून लादलेली अभिरुची आणि मोजून काढलेली अभिरुची, दोन्ही सारख्याच बहिऱ्या. बीसीएनचा निवेदक या दोहोंपेक्षा वेगळा होता, कारण तो आपल्याच गावातल्या मित्रांना ऐकवीत होता.

१९९६ साली सकाळच्या वेळी न्यूयॉर्कहून येणारा हॉवर्ड स्टर्नचा कार्यक्रम बीसीएनवर बसला, आणि तेथला वर्षानुवर्षांचा लाडका चार्ल्स लॅक्विडारा झेडएलएक्सवर गेला. लेखक अ‍ॅलनही बीसीएनवरून तेथेच संगीतप्रमुख म्हणून गेले. दोन्ही घरचे मीठ खाल्लेला माणूस. म्हणून त्यांचा जिव्हाळा मला खोटा वाटत नाही, फक्त त्यांनी नव्या घराबद्दलही इतक्याच मायेने लिहिलेले वाचायला आवडेल.

ऑगस्ट २००९ मध्ये १०४.१ वरून बीसीएन उठले. ती जागा दुसऱ्या केंद्राला दिली, आणि त्या केंद्राच्या जुन्या जागी खेळांच्या गप्पा सुरू झाल्या. अखेरची ध्वनिमुद्रिका लागली ती पिंक फ्लॉइडची, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५ सालची. तिच्यावर अभिजाताचा शिक्का केव्हाच बसून गेला होता.