'ब्राच्चाले' म्हणजे ब्रेसलेट?

आजच्या इटालियनमध्ये 'ब्राच्चाले' म्हणजे मनगटातलं कडं. पण नेपल्सकडच्या १८२०-३० च्या जन्मनोंदींत बापाच्या नावापुढे हाच शब्द वारंवार भेटतो आणि तिथे तो रोजंदारीवरचा शेतमजूर असतो. 'ब्राच्चो' म्हणजे बाहू. ज्याच्याकडे विकायला स्वतःच्या हातांपलीकडे फारसं काही नाही, तो ब्राच्चाले. खापरपणजोबा शोधणाऱ्याने हा शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला, तर त्याच्या पदरी ब्रेसलेट पडायचं.

या नोंदी म्हणजे नेपोलियनच्या काळाची देणगी. नेपल्सच्या राज्यात त्या १८०९ मध्ये सुरू झाल्या. १८१५ मध्ये जुने बूर्बों राजे परतले, पण त्यांनी ही पद्धत मोडली नाही. सिसिलीत ती १८२० मध्ये आली, एकीकरणानंतरच्या इटलीत १८६६ पासून. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या 'आन्तेनाती' (म्हणजे 'पूर्वज') या साइटवर यातली असंख्य पानं फुकट बघता येतात. छापील मजकूर, मधे रिकाम्या जागा, त्यात कारकुनाचं तिरपं अक्षर: नाव, वय, धंदा, पत्ता. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्याला हा थेट डेटाबेसच वाटतो.

माझी तक्रार नेमकी या वाटण्याबद्दल आहे. वंशावळीच्या हौशी लोकांत जुन्या धंद्यांच्या याद्या फिरतात. डावीकडे इटालियन शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ. सुरुवातीला त्या उपयोगी पडतात, हे खरंच. पण यादी गृहीत धरते की शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो धंदाच असतो. दोन्ही गृहीतकं कच्ची आहेत.

'फाब्ब्रिकातोरे' घ्या. ऐकून कारखानदार वाटतो, पण दक्षिणेत तो घरं बांधणारा गवंडी. 'गालान्तुओमो'चा शब्दशः अर्थ सज्जन माणूस. तो धंदा कसा असेल? पण त्या रकान्यात तो बसतो, कारण तिथे त्याचा अर्थ होतो: याला हाताने काम करावं लागत नाही, जमिनीच्या उत्पन्नावर भागतं. म्हणजे धंद्याच्या रकान्यात कारकून माणसाची पायरीही लिहीत होता.

बायकांच्या बाबतीत हे जास्त बोचतं. काही गावांच्या वह्यांत आईपुढे पानोपानी 'फिलात्रीचे', म्हणजे सूत कातणारी, असंच सापडतं. त्या खरंच कातत असतील. घरोघरी चात्या होत्याच. पण सुगीत शेतात राबणं, पाणी वाहणं, पोरं सांभाळणं या सगळ्यासाठी रकान्यात एकच शब्द मावला. पुढच्या काळात अनेक ठिकाणी त्या जागी 'दोन्ना दी कासा', घरची बाई, असं येतं. शब्द बदलला म्हणून तिचं काम थांबलं, असं मानायला मी तयार नाही.

मग वाचायचं कसं? माझ्या मते एखाद्या कथेतलं पात्र वाचतो तसं, आजूबाजूच्या ओळींसकट. नावाआधी 'दोन' ही मानाची उपाधी आहे का? साक्षीदार कोण आहेत, त्यांचे धंदे काय? नोंदीच्या शेवटी बापाने सही केली, की त्याला लिहिता येत नसल्याचं नमूद केलंय? आणि एकाच माणसाच्या सगळ्या मुलांच्या नोंदी ओळीने लावून बघायच्या. पहिल्या पोराच्या वेळी 'ब्राच्चाले' असलेला बाप तिसऱ्याच्या वेळी 'वातिकाले', म्हणजे खेचरांवरून माल वाहणारा, झालेला दिसला, तर त्याने जनावर घेतलं असेल, किंवा हंगाम वेगळा असेल, किंवा कारकूनच बदलला असेल. एका नोंदीवरून हे ठरत नाही. आसपासची दहा पानं उलटली, तर निदान अंदाज बांधता येतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. तर 'मास्सारो'साठी. दक्षिणेत हा बहुधा स्वतःची जनावरं, अवजारं बाळगून मोठी शेती कसणारा माणूस. यादीत तोही 'शेतकरी' आणि ब्राच्चालेही 'शेतकरी' होऊन बसला, की एकाचे बैल आणि दुसऱ्याची उपासमार एकाच खान्यात जाते. त्या गावात मात्र कोण कोणाच्या शेतावर राबतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार.